आवंढ्याची जागा

मावशींनी उजव्या हाताची तर्जनी कळफलकाच्या मधोमध टेकवली, तिथे भलतेच अक्षर पाहिले आणि चटका बसल्यासारखे बोट मागे घेतले.

"थांबू नका मावशी, घड्याळ चालू आहे," नर्स म्हणाली. छातीवर टाचलेले, नाडी मोजायचे घड्याळ काढून तिने तळहातावर धरले होते. ती मावशींची सख्खी भाची. दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती आणि आल्यापासून खोलीतल्या सगळ्यांना रुग्णासारखे वागवत होती.

मावशी अक्षर शोधू लागल्या. कळफलक साधाच होता, बाजारात मिळतो तसा. फक्त प्रत्येक कळीवर कागदाचा चौकोनी तुकडा डिंकाने चिकटवला होता आणि त्यावर गुरुजींनी टाकाने त्यांच्या भाषेतले एकेक अक्षर काढले होते. छत्तीस अक्षरे, छत्तीस तुकडे. हवे ते अक्षर अखेर सापडले वरच्या ओळीत, अगदी उजव्या कोपऱ्यात. तेही एकटे दाबून चालत नव्हते. डाव्या हाताने दोन कळा धरून ठेवायच्या आणि मग उजवी करंगळी ताणून तिसरी दाबायची. मावशींची करंगळी सांध्यात वाकलेली होती. ती दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली.

"एक मिनिट बावन्न सेकंद."

"पाच शब्दांना?" गुरुजींनी विचारले. "'दार उघडं आहे, आत ये.' एवढंच तर वाक्य. मी मुद्दाम सोपं दिलं होतं."

"सवय नाही म्हणून वेळ लागतो," खिडकीपाशी उभा असलेला मांडणीवाला म्हणाला. "बाकीची अक्षरं त्यांनी भराभर काढली. अडलं ते एकाच ठिकाणी."

त्याला सगळे मांडणीवाला म्हणत. हिशेबी, शांत माणूस, पंचेचाळिशीच्या आसपासचा. तो याच वस्तीतला, पण अकराव्या वर्षी दूरच्या शहरात शिकायला गेला आणि संगणकाच्या कामात तिथलाच झाला. वर्षभरापूर्वी स्वतःहून पत्र पाठवून त्याने विचारले होते, आपल्या भाषेचा कळफलक मी करून दिला तर चालेल का? न चालायला काय झाले? अकरा हजार माणसे बोलतात ती भाषा आणि तिचे एकही अक्षर कुठल्याच संगणकात, कुठल्याच फोनमध्ये उमटत नव्हते. आंधळा मागतो एक डोळा, तशी गत झाली होती.

आज चार वाजेपर्यंत कळफलकावरच्या अक्षरांची मांडणी मंजुरीसाठी पाठवायची होती. मागच्या खेपेला ती परत आली होती. मंजुरी देणाऱ्यांनी कळवले होते की प्रत्येक अक्षराच्या जागेला मोजणीचा आधार द्या, आवडीनिवडी नकोत. आणि एकदा मंजूर झाली की ती कायमची. लोकांच्या बोटांना वळण पडते, म्हणून नंतर कुणी काही हलवू देत नाही.

अडलेल्या त्या अक्षराला वस्तीतली पोरे आवंढा म्हणत. घशाच्या तळातून, आवंढा गिळल्यासारखा निघणारा आवाज. त्यांच्या भाषेत आवंढ्याशिवाय कुणाला बोलावता येत नाही. ये, आलास, येतोस का, परत, या सगळ्यांत तो असतो.

"मला एक सांग," गुरुजी म्हणाले. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच होता. "तीन बोटांची कसरत कोण पोरगं करणार? आवंढा गाळून लिहितील. लिहिण्यातून गेला की बोलण्यातून जायला किती दिवस?"

"गुरुजी, मी ठरवलेलं नाही. मोजणीने ठरवलंय." मांडणीवाल्याने टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "कचेरीचे तीन पेट्या कागद होते. अर्ज, तक्रारी, दाखले, सूचना. दोन लाखांवर शब्द. त्यात आवंढा किती वेळा? एकशे चौदा. तेही सुरुवातीच्या तीस-चाळीस पानांत. पुढच्या अकरा वर्षांत एकदाही नाही."

"सकाळपासून मी शंभर वेळा बोललो असेन."

"बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. मंजुरीवाले बोलणं मोजत नाहीत. मलाही आधी पटलं नव्हतं, मी तीनदा मोजलं. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"शितावरून भाताची परीक्षा करावी, मान्य. पण तुझी शितं सगळी एकाच पातेल्यातली."

"पातेलं तेवढं एकच होतं," मांडणीवाला म्हणाला आणि मावशींकडे पाहून हसला. "आणि त्याला नावं ठेवणार कोण? सगळे कागद मावशींच्या हातचे. अकरा वर्षांत एक खाडाखोड नाही. मी शहरात लोकांना दाखवतो, म्हणतो, याला म्हणतात टाइपिंग."

मावशींनी चहाचा रिकामा पेला उचलून ओठाला लावला आणि खाली ठेवला.

मांडणीवाल्याच्या लहानपणी वस्तीतली पोरे त्यांना खटखट मावशी म्हणत. कचेरीत त्यांच्या भाषेचा एकुलता एक टाइपरायटर होता आणि तो चालवणाऱ्या त्या एकट्या. आता तो याच खोलीत, लोखंडी कपाटावर ठेवला होता. वस्तीने तो मोठ्या मानाने इथे आणून बसवला, तेव्हा त्याच्यासाठी जाड कापडाची खोळ मावशींनीच शिवून दिली होती. खाली चहूबाजूंनी नाडी, नाडीला घट्ट गाठ. धूळ जाऊ नये म्हणून, असे त्यांनी सांगितले होते आणि लोकांना ते कौतुकाचे वाटले होते.

"मोजणी चुकली असेल तर?" मावशींनी विचारले.

"कशी चुकेल?"

"नाही, आपलं विचारलं."

"तीन वाजून दहा," नर्स म्हणाली. कुणी विचारले नव्हते.

मावशींनी दोन्ही हात मांडीवर घेतले. उजव्या अंगठ्याने त्या तर्जनीचे टोक दाबत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनी स्वतःला इतकी वर्षे बजावले होते की आता मूठ उघडायची म्हटले तरी बोटे सुटत नव्हती.

तो टाइपरायटर एका कुलूपवाल्याने केला होता. दुसऱ्या लिपीचे जुने यंत्र घेऊन, त्याची अक्षरे कानशीने घासून, नवी बसवून. आठ महिने खपला बिचारा. कुठले अक्षर कुठे घालायचे हे ठरवायला तो तीन दिवस बाजारात बसून माणसांचे बोलणे ऐकत होता. आवंढा त्याने उजव्या तर्जनीखाली ठेवला, अगदी मधोमध. सगळ्यात जास्त घाव त्याच कळीवर बसले आणि चौथ्या वर्षी तिची दांडी मोडली. तोवर कुलूपवाला वारला होता. कळ जागेवर होती, दाबली की खट वाजत होते, पण आतून अक्षर उठत नव्हते.

पहिल्या दिवशी मावशींनी मोकळ्या जागा शाईने भरल्या. कचेरीच्या साहेबांनी तांबडी रेघ मारून कागद परत केला. हाताने भरलेला कागद पुढे जाणार नाही. मग साहेबांनी सहज म्हणावे तसे म्हटले होते, यंत्र बिघडलं असेल तर सांगा बाई, ते बंद करू आणि तुमच्या लोकांचेही अर्ज सरकारी भाषेतच घेऊ. साहेब त्याच निमित्ताची वाट पाहत होते हे कचेरीतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होते. मावशी म्हणाल्या, यंत्र उत्तम आहे, चूक माझीच. आणि त्या दिवसापासून त्यांनी आवंढा टाळला. माणसे सांगत ते ऐकायचे आणि बोटापर्यंत येईतो शब्द बदलायचा. 'आला'च्या जागी 'पोचला'. 'परत'च्या जागी 'पुन्हा'. नोकरी टिकली आणि भाषाही कचेरीत टिकली. वर लोक म्हणू लागले, मावशींचा मजकूर कसा आखीव असतो. गुरुजींनी तर शाळेच्या पुस्तकात तोच थाट उचलला. आजही पोरे निबंधात 'आला' न लिहिता 'पोचला' लिहितात आणि त्याला पाचपैकी पाच मिळतात.

पहिल्या तीन वर्षांचे चांगले कागद वाळवीने खाल्ले. उरली ती तीस-चाळीस पाने आणि उरले हे नंतरचे कागद.

"कचेरीच्या कागदांवर विश्वास नसेल," मांडणीवाला गुरुजींना सांगत होता, "तर दुसरा पुरावा आहे. हा मी घालणार नव्हतो, घरातला आहे म्हणून." त्याने पिशवीतून एक पुठ्ठ्याचे पाकीट काढले. त्याच्या कडा नव्या चिकटपट्टीने सांधल्या होत्या. "आईची पत्रं. मी वसतिगृहात होतो तेव्हाची. महिन्याला एक, सात वर्षं. चौऱ्याऐंशी. टाइप मावशींनी केलंय, पण ही काही सरकारी भाषा नाही गुरुजी, आईने मुलाला सांगून लिहवलंय. त्यातही आवंढा नाही."

गुरुजींनी पाकिटाकडे पाहिले.

"म्हणजे पाहा," तो म्हणाला. पत्रांचा गठ्ठा त्याने टेबलावर टाकला नाही, दोन्ही हातांनी ठेवला. "सुट्टीत बाकीची मुलं घरी जायची. मी म्हणायचो, बोलावलं की जाईन. प्रत्येक पत्र आधी त्याच्यासाठी वाचायचो. जेवलास का, अभ्यास कर, तब्येत सांभाळ. 'ये' म्हणून कधी नाही. मला वाटायचं, घरात खाणारं एक तोंड कमी झालंय, बरंच आहे त्यांना." तो हसला. "ती गेली तेव्हा तार आली. त्या तारेत मात्र होतं 'ये'. पण तार सरकारी भाषेत होती, त्यामुळे ती मोजणीत धरलेली नाही."

नर्सने घड्याळाकडे पाहिले आणि या वेळी वेळ सांगितली नाही.

त्याची आई मावशींच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. कचेरी सुटल्यावर यायची, भाजीची रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून बाकावर टेकायची. तिला वाचता येत नव्हते. वसतिगृहाची पत्रे कचेरीच्याच टपालाच्या थैलीतून जात आणि थैलीत टाइप केलेला कागदच घेत. पत्र संपत आले की ती पुढे वाकायची, कुणी ऐकू नये तशी बोलायची आणि मग विचारायची, लिहिलंस ना? मावशी म्हणायच्या, लिहिलं. पहिल्या पत्राला खरे सांगता आले असते. दहाव्याला अवघड होते. पुढे पोरगा सुट्टीत घरी आला नाही, तेव्हा भाडे नसेल, परीक्षा असेल, ही कारणेही मावशींनीच तिला पुरवली होती.

आता गप्प बसले तर कुणाला काही कळणार नव्हते. चार वाजता मांडणी जाणार, आवंढा कोपऱ्यात बसणार आणि मावशींचे नाव जन्मभर चांगले राहणार. आणि एवढे बोलून मिळणार काय? हात दाखवून अवलक्षण. समोरचा माणूस आईवर रुसून का होईना, पण निवांत झाला होता. त्याचा निवांतपणा मोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, असेही त्यांच्या मनात आले. पण हा प्रश्न चांगुलपणाचा नव्हता, भीतीचा होता, आणि भीती त्यांना चांगली ओळखता येत होती. अकरा वर्षे त्या तिच्या शेजारी बसून टाइप करत होत्या.

"ठीक आहे," गुरुजी दमलेल्या आवाजात म्हणाले. "शिकलेल्या माणसापुढे किती बोलायचं. पाठव."

मांडणीवाला खुर्ची ओढून बसला.

मावशी उठल्या. कपाटापाशी गेल्या, टाचा उंचावून खोळीच्या नाडीची गाठ सोडू लागल्या. गाठ बसली होती. त्यांनी ती दाताने सोडवली. नर्स मदतीला उठली, तिला त्यांनी हातानेच बसवले.

"इकडे ये," त्या मांडणीवाल्याला म्हणाल्या. आवंढा पुरा, तळातून आला.

तो आला.

"मधली कळ दाब."

त्याने दाबली. खट वाजले. त्याने वाकून आत पाहिले, पुन्हा दाबली, पुन्हा खट वाजले. कळीच्या माथ्यावर बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला होता. बाकीच्या कळा सपाट होत्या.

"हे कुठलं अक्षर?"

"आवंढा."

"कधी मोडलं?"

"तू वसतिगृहात जायच्या आदल्या वर्षी."

गुरुजींना आधी कळले. ते बसल्या जागी मागे टेकले आणि हळूच म्हणाले, "पोचला." शाळेच्या पुस्तकाची पाने त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत.

"म्हणजे मोजणी..." मांडणीवाला म्हणाला. "दोन लाख शब्दांची सगळी मोजणी मोडक्या यंत्राची आहे. मावशी, वर्षभर मी हे करतोय. वर्षभर तुम्ही रोज..." तो थांबला. त्याची नजर टेबलाकडे वळली, पुठ्ठ्याच्या पाकिटाकडे.

मावशींनी कपाटाची कड धरली.

"ती दर वेळी म्हणायची," त्या म्हणाल्या, "'आणि शेवटी लिही, ये म्हणावं.' ते माझ्याकडे नव्हतं. मी लिहायची, तब्येत सांभाळ."

नर्सने मावशींकडे पाहिले आणि पहिल्यांदाच तिला काय करावे सुचेना. मांडणीवाला खिडकीपाशी गेला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलला हवा भरत होते. हवा भरून झाली, सायकल निघून गेली, तरी तो तिथेच उभा होता.

"तिला सांगितलं होतं?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारले.

"नाही."

"तिला वाटत होतं की ती बोलावते आणि मी येत नाही."

"हो."

मावशींना वाटले, आता हा काही बोलेल. ओरडला तर बरे, असेही वाटले. तो ओरडला नाही. तो परत आला, खुर्चीवर बसला आणि संगणकावरचा मोजणीचा तक्ता उघडला.

"किती वाजले?"

"तीन पस्तीस," नर्स म्हणाली.

"अंदाज चालणार नाही, आकडे लागतील. तुम्ही कुठल्या शब्दाच्या जागी कुठला घातलात ते सांगा. एकही विसरू नका."

मावशी सांगू लागल्या. पोचला, पुन्हा, जवळ केले, हजर झाला. एकेक शब्द तो लिहून घेई, संगणकाला विचारी आणि आकडा तक्त्यात मांडी. चार हजार. सहा हजार तीनशे. मावशी एकही शब्द विसरल्या नव्हत्या. नर्सने मोडक्या कळीचे तीन बाजूंनी फोटो काढले. गुरुजींनी निवेदन लिहिले, 'यंत्राची दांडी मोडल्यामुळे' असे घातले आणि मावशींपुढे सहीला ठेवले. मावशींनी ते वाचले, टाक मागितला आणि पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'व मी ते लपवल्यामुळे'. मग सही केली.

पावणेचारला आवंढा सर्वांत जास्त लागणाऱ्या पहिल्या चार अक्षरांत आला. गुरुजींनी नखाने कोपऱ्यातला कागदाचा तुकडा सोडवला, मधला सोडवला आणि दोहोंची अदलाबदल केली. डिंक ओला होता. ते अंगठ्याने तुकडा दाबून धरून बसले.

तक्त्यात शेवटची एक ओळ रिकामी होती. मांडणीवाला तिच्याकडे पाहत राहिला.

"आईची पत्रं," तो म्हणाला. "इथे संगणक सांगू शकत नाही. 'तब्येत सांभाळ' ती स्वतःही म्हणाली असेल."

"म्हणायची. पण ते वेगळं. 'ये' प्रत्येक पत्रात एकदा."

"नक्की?"

"नक्की."

त्याने आकडा घातला. चौऱ्याऐंशी.

"पाठवू?" त्याने कुणालाच न विचारल्यासारखे विचारले. गुरुजींनी मान हलवली. तो बटण दाबणार तोच मावशींनी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"शेवटच्या पत्रात दोनदा म्हणाली होती."

मांडणीवाल्याचे बोट थांबले. त्याने वळून पाहिले नाही. मग त्याने चौऱ्याऐंशीतला चार खोडला आणि तिथे पाच घातला.